करंज्यांचा डबा

2024 च्या डिसेंबरात आमच्या बीड जिल्ह्याला सण सुचत नव्हता. 9 तारखेला शेजारच्या केज तालुक्यात मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांना पळवून नेऊन ठार मारलं. तेलगावच्या चौकात चहा पितानाही माणसं दबक्या आवाजात बोलत. समोरचा कुठल्या जातीचा, हे बघून तोंड उघडत.

अहिल्यानगरचा माझा ख्रिस्ती वर्गमित्र दर नाताळाला करंज्यांचा डबा धाडतो. (ईदला आमच्याकडून शेवया जातात.) मी फोन केला, "यंदा नको. घशाखाली उतरायचं नाही."

तो म्हणाला, "अरे, येशू जन्मला तेव्हा तरी कुठं बरी बातमी होती? हेरोद राजा लेकरं मारत सुटला होता. आईबाप बाळाला घेऊन मिसरात पळाले."

मी गप्प. अम्मीनं सांगितलेली बीबी मरियम आठवली. कुरआनात तिच्या नावाची सूरहच आहे. खजुराच्या बुंध्याशी एकटी कळा सोसते, मरण मागते. त्या घडीला तिला मिळालं काय? पायाशी झरा आणि ताजा खजूर. आधी खाऊन-पिऊन घे, मग लोकांचं बघू!

डबा आला. साखर कारखान्याजवळच्या ऊसतोड्यांच्या कोप्यांवर गेलो. पोरांनी अर्धा फस्त केला. एक बाळंतीण होती, पंधरवड्यापूर्वी फडातच मोकळी झालेली. तिला दोन जास्त दिल्या.

उरलेल्या 28 तारखेला बीडच्या मोर्चाला निघालेल्या जीपमध्ये फिरवल्या. ड्रायव्हर म्हणाला, "चाचा, ईद हाय का?"

"नाही रे, नाताळ."

त्यानं आणखी एक उचलली.