ताटातील अन्न आणि शरीरातील पोषण



भोसल्यांच्या तंजावरपासून सुमारे १३ किलोमीटरवर, कावेरीकाठी तिरुवैयारु हे संत त्यागराजांच्या समाधीचे गाव आहे. ‘पाच नद्यांचे पवित्र स्थान’ असा या नावाचा अर्थ. या परिसरात कावेरीच्या पाण्याला फाटे फुटतात. त्यामुळेच ते दूरवरच्या भातशेतीला मिळते. पाणी जितके विभागते, तितकी अधिक जमीन भिजते.

मानवाच्या लहान आतड्याची रचनाही याच तत्त्वावर झाली आहे. सुमारे सहा मीटर लांबीच्या या नळीच्या अस्तराला घड्या असतात. त्यांवर जेमतेम एक मिलिमीटर उंचीचे बोटांसारखे उद्वर्ध आणि प्रत्येक शोषक पेशीवर त्याहून सूक्ष्म उद्वर्ध असतात. जुन्या पुस्तकांत या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ २०० चौरस मीटरहून अधिक दिले जाई. २०१४ मधील स्वीडिश संशोधनानुसार ते सुमारे ३० चौरस मीटर आहे. अस्तराच्या बहुतेक पेशी तीन ते पाच दिवसांत बदलतात.

भातातील पिष्टापासून ग्लुकोज आणि डाळीतील प्रथिनांपासून अमिनो आम्ले तयार होतात व रक्तावाटे यकृताकडे जातात. स्निग्ध पदार्थ मुख्यतः लसीकावाहिन्यांतून जातात. लोह प्रामुख्याने आद्यांत्रात, तर ‘ब-१२’ जीवनसत्त्व शेषांत्रात शोषले जाते. लिंबातील ‘क’ जीवनसत्त्व लोहाच्या शोषणास साहाय्य करते. जेवणासोबतची कॉफी त्यात अडथळा आणते.

ग्लुकोज पेशीत शिरताना सोडियमला सोबत नेते आणि त्यामागोमाग पाणी जाते. रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये मांडलेली ही सहवहनाची कल्पना जलसंजीवनीचा शास्त्रीय आधार ठरली. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधील बनगाव येथील निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या द्रावणाने पटकीचे असंख्य रुग्ण वाचवले.

परंतु अस्तरच क्षीण झाले तर? तमिळनाडूतीलच वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील बेकर आणि मथान यांनी १९७२ मध्ये या स्थितीचा आढावा प्रसिद्ध केला. वरकरणी निरोगी असणाऱ्या अनेक दक्षिण भारतीयांचे उद्वर्ध आखूड व रुंद झालेले होते आणि त्यांची शोषणक्षमताही कमी होती. अस्वच्छ परिसरातून वारंवार होणारा जंतुसंसर्ग हे याचे प्रमुख कारण मानले जाते.

कुपोषणाच्या धोरणात हा मुद्दा कळीचा आहे. तमिळनाडूने १९८२ मध्ये पौष्टिक भोजन योजना व्यापक केली. तिने अन्न मुलांच्या ताटापर्यंत पोहोचवले. ताटापासून रक्तापर्यंतचा पुढचा प्रवास मात्र आतड्याच्या आरोग्यावर अवलंबून असतो. केवळ किरकोळ उपायही पुरत नाहीत: बांगलादेश व केनियातील २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत साधी शौचालये, हात धुणे व पाण्याचे क्लोरिनीकरण एवढ्याने मुलांची उंची वाढली नाही. म्हणून पुरेसा आहार, घरोघरी शुद्ध पाणी, सांडपाण्याची संपूर्ण व्यवस्था आणि लसीकरण यांचा एकत्रित विचार आवश्यक ठरतो. धरणात पाणी असूनही पाट बुजले, तर शेत कोरडेच राहते.