बिनदाती रॅचेट : उपयुक्तता आणि टिकाऊपणा

(ग्रामीण यंत्रदुरुस्तीविषयक भाषणाचा मजकूर)



ट्रॅक्टर, पाण्याचे पंप, फवारणी यंत्रे आणि मोटारसायकली यांनी आज ग्रामीण जीवन व्यापले आहे. यंत्र आले की दुरुस्ती आली आणि दुरुस्तीबरोबर कारागिराच्या हातातील हत्याराचा प्रश्नही आला. यंत्रांवर लाखो रुपये खर्च होतात. हत्यारांची निवड मात्र पुष्कळदा केवळ किमतीच्या तक्त्यावरून होते. जोर लावलेला असताना हत्यार सटकले तर काम खोळंबते, आणि कारागिराची बोटे समोरच्या लोखंडावर आदळून जायबंदी होतात. यास्तव एका लहानशा हत्याराचा विचार येथे करावयाचा आहे. ते हत्यार म्हणजे रॅचेट.

नटावर बसणाऱ्या सॉकेटला कारागीर ‘गोटी’ म्हणतात. ही गोटी रॅचेटच्या चौकोनी टोकावर बसते. दांडा एका दिशेने फिरविला म्हणजे नट फिरतो. उलट दिशेने दांडा मोकळा परत येतो. त्यामुळे पाना दर वेळी उचलून पुन्हा बसवावा लागत नाही. नेहमीच्या रॅचेटमध्ये हे काम दातेरी चाक आणि त्यात अडकणारी खिट्टी करते. सायकलचे पायडल थांबविल्यावर चाकातून येणारी टिकटिक याच रचनेची होय.

या रचनेला एक मर्यादा आहे. चाकाला 24 दाते असतील, तर पुढचा दाता गाठण्यासाठी दांडा 15 अंश फिरवावा लागतो. दांडा 25 सेंटिमीटर लांबीचा असल्यास त्याच्या टोकाला सुमारे साडेसहा सेंटिमीटर जागा हवी. दाते 72 केले, तर 5 अंश, म्हणजे सुमारे सव्वादोन सेंटिमीटर जागा पुरते. परंतु त्याच आकाराच्या चाकावर दाते वाढविले की प्रत्येक दाता बारीक होतो. मग भार पेलण्यासाठी एकाच वेळी अनेक दाते अडकतील अशी खिट्टी बनवावी लागते.

बिनदाती रॅचेटमध्ये दातेच नसतात. बाहेर गुळगुळीत कडे, आत उतरत्या कडांचा गाभा आणि दोहोंच्या मध्ये कठीण पोलादाचे लहान रूळ, अशी तिची रचना असते. दांडा एका दिशेने फिरविताच रूळ निमुळत्या जागेत पाचरीप्रमाणे घट्ट बसतात आणि गाभा व कडे एकजीव होऊन फिरतात. उलट फिरविताच रूळ मोकळे होतात. अनेक मोटारींच्या स्टार्टरमधील एकदिश क्लच याच तत्त्वावर चालतो.

या रचनेचा पहिला लाभ अडचणीच्या जागी दिसतो. इंजिन आणि चौकट यांच्यामधील फटीत दांडा जेमतेम हलतो, तेथेही नट फिरविता येतो. कारण पकड जवळजवळ तत्काळ बसते. दुसरा लाभ असा की, परतीचा विरोध अल्प असल्यामुळे सैल नट दांड्याबरोबर मागे फिरण्याचा संभव कमी असतो.

टिकाऊपणाविषयी मात्र विवेक हवा. दाते नाहीत म्हणून दाते तुटण्याचे भय नाही, हे खरे. परंतु येथे सर्व भार रुळांच्या बारीक स्पर्शरेषेवर येतो. हातोड्याचा घाव किंवा अवाजवी जोर यांमुळे कड्यावर खाचा पडतात आणि नंतर रूळ सटकू लागतात. दाट ग्रीस भरल्यास रूळ त्यात तरंगतात व पकड सुटते. धूळ शिरल्यास ते अडकतात. म्हणून ही रॅचेट रॉकेलने किंवा डिझेलने धुऊन, पुसून, पातळ तेलाचे दोन-चार थेंब देऊन वापरावी. ग्रीस जितके अधिक तितके हत्यार अधिक टिकेल, ही समजूत येथे घातक ठरते.

दातेरी असो वा बिनदाती, गंजून घट्ट बसलेला नट सोडविणे हे रॅचेटचे काम नव्हे. त्यासाठी गोटीचा लांब, सरळ दांडा वापरावा. रॅचेटच्या दांड्यावर नळी चढविण्याची प्रथा तर सोडूनच द्यावी. पंचवीस सेंटिमीटरचा दांडा नळीने पाऊण मीटरचा झाला, की हाताचा जोर तोच राहूनही पीळ तिप्पट होतो. तो रॅचेटच्या माथ्याला सोसत नाही. अखेरचा ठरावीक आवळ टॉर्क पान्यानेच द्यावा.

संस्थेसाठी खरेदी करताना दोन गोष्टी पाहाव्यात : भाराची मर्यादा नमूद आहे काय आणि सुटे भाग मिळतात काय. दातेरी रॅचेटची खिट्टी पुष्कळदा बदलता येते. बिनदातीचा बहुधा सबंध माथाच बदलावा लागतो. त्यामुळे रोजच्या दणकट कामास चांगली दातेरी व अडचणीच्या जागी बिनदाती, अशी विभागणी हिताची ठरते. शिक्षकांनी महिन्यातून एकदा शेगड्यात पक्का धरलेल्या बोल्टवर दोन्ही दिशांनी, हळूहळू जोर वाढवीत प्रत्येक रॅचेटची परीक्षा घ्यावी. सटकणारी रॅचेट त्याच दिवशी कामातून काढावी; ती ‘चालते आहे’ म्हणून विद्यार्थ्याच्या हाती देऊ नये.

सार्वजनिक पैशाने घेतलेले हत्यार दीर्घकाळ टिकावे, ही अपेक्षा रास्त आहे. परंतु टिकाऊपणा केवळ पोलादात नसतो. योग्य कामाला योग्य हत्यार निवडण्याच्या शिस्तीतही तो असतो. ही शिस्त जेथे रुजेल, तेथे यंत्रे चालू राहतील आणि कारागिरांचे हातही सुरक्षित राहतील.