मूग कुणाच्या वाटीत?



साक्षरता वर्गात जीवशास्त्र कशाला, असं मला बरेचजण विचारतात. प्रश्न गैर नाही. नवभारत साक्षरता कार्यक्रमाची चाचणी 150 गुणांची. वाचन, लेखन, संख्याज्ञान, प्रत्येकी 50. विज्ञानाच्या नावानं भोपळा. मला तर ते सोयीचंच वाटतं. गुण नसले की बायका मोकळ्या बोलतात.

सुरुवात मात्र मी वाईट केली. फळ्यावर ‘सजीवांची लक्षणे’ लिहिली: श्वसन, उत्सर्जन, प्रजनन. बायकांनी मुकाट उतरवून घेतलं. अडलेल्या म्हशीचं रेडकू हातानं ओढून काढलेल्या बायकांना मी ‘प्रजनन’ गिरवायला लावत होते!

पुढं कधीतरी दह्याचा विषय निघाला. मी विचारलं, “उकळत्या दुधात विरजण घातलं तर?”

“मरतंय की ते,” मागून एक आजी म्हणाल्या.

“काय मरतं, आजी?”

आजी गप्प. सगळा वर्ग गप्प. शब्द त्यांचाच, उभ्या जन्मात हजारदा वापरलेला. पण मरतं ते आधी जिवंत असलं पाहिजे, हे तेव्हा पहिल्यांदा समोर आलं. मग जिवाणूंबद्दल सांगायला वेळ लागला नाही. ते दुधातल्या साखरेचं आम्ल करतात, त्यानं दूध घट्ट होतं, थंडीत ते मंदावतात म्हणून आपण भांडं गोधडीत गुंडाळतो. आजींनी मला मध्येच अडवलं. “म्हंजे पानी उकळून प्या म्हनत्यात, ते ह्याच्यासाठीच व्हय?” पाणी उकळा, हे त्यांना कैक वर्षं सांगितलं जात होतं. त्यानं काय मरतं, ते कुणी सांगितलं नव्हतं.

लहान मुलाची पाटी कोरी असते म्हणतात. (मला तेही पटत नाही.) मोठ्या माणसाची पाटी तर गच्च भरलेली. त्यातलं काही विरजणासारखं कामाचं, काही नुसतं विषारी.

त्या विषाचं सांगते. वर्गातल्या एकीला चार मुली. ‘हिच्या पोटाला मुलगा नाही’ हे तिनं इतकं ऐकलं होतं की स्वतःही तसंच म्हणायची. गर्भलिंग चाचणीविरुद्ध 1988 साली कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. पण चुलीपुढच्या टोमण्याला कायदा कुठं लागू होतो? मी दोन वाट्या मांडल्या. आईच्या वाटीत सगळी तूर. बापाच्या वाटीत निम्मी तूर, निम्मे मूग. डोळे मिटून दोन्हींतून एकेक दाणा काढायचा. तूर-तूर आली तर मुलगी, तूर-मूग आला तर मुलगा. तिनं सात-आठदा काढून पाहिलं. मग आईची वाटी जमिनीवर उपडी केली, बोटानं दाणे पसरले.

“बाई, ह्यात मूग न्हाईच की.”

त्यावर दुसरी फटकन म्हणाली, “मग खोट दादल्यातच!” इथं शिक्षकानं घाई करू नये. दोष एकीच्या माथ्यावरून काढून दुसऱ्याच्या माथी मारला, तर काय शिकवलं आपण? बापही डोळे मिटूनच दाणा काढतो, हे दाखवायला मला अख्खा तास लागला.

मूग बापाच्याच वाटीत असतो, हा शोध लागला कशात, तर पिठाच्या किड्यात. चाळणीतून पडणाऱ्या ज्या किड्यांना आपण शिव्या देतो, त्यांच्याच कुळातल्या एकात. नेटी स्टीव्हन्स या अमेरिकन बाईंना 1905 साली दिसलं की मादीच्या पेशीत 20 मोठी गुणसूत्रं असतात, नराच्या पेशीत 19 मोठी आणि एक लहान. ते लहान म्हणजे आपला मूग. त्याच वर्षी एडमंड विल्सन यांनीही वेगळ्या कीटकांवर हेच दाखवलं. स्टीव्हन्सबाई आधी शाळेत शिकवायच्या. स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकायला गेल्या तेव्हा पस्तिशीत होत्या. वर्गाला गुणसूत्रांपेक्षा हे वय जास्त भावलं.

पुढच्या आठवड्यात चार मुलींच्या त्या आईबरोबर तिची सासू आली. कोपऱ्यात बसली, बराच वेळ बघत राहिली. मग पुढं सरकून बापाची वाटी ओढली आणि त्यातला मूग वेचायला लागली. सगळा वर्ग ओरडला, “डोळं मिटा, आत्याबाई, डोळं मिटा!”