माणसे तीच, मग घडी का विस्कटली?

(संस्थेच्या वार्षिक समारंभातील भाषण)



मुलगा शिकला, चांगल्या ठिकाणी नोकरीला लागला, की आपण पालक सुटकेचा निःश्वास टाकतो. परंतु चांगले ठिकाण कायम चांगले राहतेच असे नाही. इमारत तीच, नाव तेच, माणसेही पुष्कळशी तीच. तरी कारभार बिघडला की तेथील वातावरण नासते. ह्याचे आपल्या सर्वांच्या परिचयाचे उदाहरण म्हणजे एअर इंडिया.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून टपाल घेऊन विमान स्वतः चालवीत मुंबईस जुहूला आणले. त्या रोपट्याचा पुढे वृक्ष झाला. १९५३ मध्ये सरकारने कंपनी ताब्यात घेतली, तरी अध्यक्षपदी टाटाच राहिले. प्रवासात पडदे, चहा, स्वच्छतागृह ते जातीने पाहत आणि उणीव दिसली की लेखी कळवीत. फेब्रुवारी १९७८ मध्ये सरकारने त्यांना अध्यक्षपदावरून दूर केले.

त्यानंतर लगेच सारे कोसळले, असे मात्र नव्हे. १९९० साली कुवेतवर संकट आले, तेव्हा एक लाखाहून अधिक भारतीयांना सुमारे दोन महिन्यांत मायदेशी आणण्याचा मुख्य भार ह्याच कंपनीने उचलला. कर्मचाऱ्यांनी रात्रीचा दिवस केला. कोकणातील कित्येक घरांना ते दिवस आजही आठवत असतील. म्हणजे माणसे कामाला कमी नव्हती.

मग घडी विस्कटली कोठे?

पहिली गोष्ट, अंथरूण न पाहता पाय पसरले. २००५-०६ च्या सुमारास एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स ह्या दोन सरकारी कंपन्यांसाठी मिळून १११ विमानांची मागणी नोंदविली गेली, तीही बहुतांशी कर्जाच्या भरवशावर. २०११ मध्ये महालेखापरीक्षकांनी ह्या व्यवहारावर कडक टीका केली.

दुसरी गोष्ट, २००७ मध्ये ह्या दोन्ही कंपन्या एक झाल्या, पण त्या कागदावर. वेतन आणि बढतीचे नियम वेगवेगळेच राहिले. शेजारी बसून तेच काम करणाऱ्याला आपल्याहून अधिक मिळते, हे शल्य माणसाला आतून पोखरते. २०११ मध्ये समान वेतनासाठी वैमानिकांचा संप झाला. २०१२ मध्ये नव्या विमानांचे प्रशिक्षण कोणाला द्यावे, ह्या वादावरून दुसऱ्या गटाचा संप जवळजवळ दोन महिने चालला.

तिसरी गोष्ट, जबाबदार कोण, हेच कळेना. निर्णय दिल्लीत होत, प्रमुख येत आणि जात, आणि प्रवाशांचे बोल मात्र खिडकीवरचा कारकून खाई. त्यातच पगार लांबू लागले.

शेवटी जानेवारी २०२२ मध्ये कंपनी पुन्हा टाटांकडे गेली. विक्रीच्या वेळी कर्ज ६१ हजार कोटी रुपयांवर होते. त्यातील सुमारे ४६ हजार कोटींचा बोजा सरकारच्या, म्हणजे तुमच्या-आमच्या माथी राहिला.

विद्यार्थी मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कोणी मुख्याध्यापक होईल, कोणी साहेब, कोणी कारखानदार. त्या खुर्चीवर बसाल तेव्हा तीन गोष्टी सांभाळा. सारख्या कामाला सारखा न्याय द्या. घेतलेल्या निर्णयाखाली आपले नाव घालण्याची हिंमत ठेवा. आणि हाताखालच्या माणसाचे गाऱ्हाणे तो दार सोडून जाण्यापूर्वी ऐका.

पालकांनाही एक विनंती. मुलगा किंवा मुलगी नोकरीवरून त्रासून घरी आली, तर 'कामचुकार' म्हणून मोकळे होऊ नका. तेथे काय चालले आहे, ते विचारा. हीच दृष्टी आपल्या ह्या संस्थेकडेही ठेवा. वार्षिक सभेला या, हिशेब वाचा, शंका विचारा. शिक्षकांचा पगार वेळेवर होतो का, ते पाहा. विचारणारे असले की कारभार सरळ राहतो.