अभ्यासक्रमात नसलेला पेपर



‘संगणक आणि जागतिक सुरक्षा’ यावर बोल, असं मला सांगितलंय. विषय भारी वाटतो, पण २०१८ सालची महाराष्ट्रातलीच दोन उदाहरणं घेते.

११ ऑगस्ट २०१८, शनिवार. पुण्याची कॉसमॉस सहकारी बँक. आपण एटीएममध्ये कार्ड टाकलं की ‘पैसे देऊ का?’ असा निरोप बँकेच्या मुख्य संगणकाकडे जातो. चोरांनी वाटेतच आपली खोटी यंत्रणा बसवली. ती प्रत्येकाला ‘दे’ म्हणत राहिली आणि बँकेच्या मुख्य संगणकापर्यंत निरोप पोचलाच नाही. २८ देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांवर पैसे निघाले, सोमवारी आणखी रक्कम हाँगकाँगला वळवली. एकूण ९४ कोटींच्या वर. पुढच्या वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीनं हा हल्ला उत्तर कोरियाच्या निर्बंध चुकवण्याच्या उद्योगांत नोंदवला. सहकारी बँकेतली ठेव आणि अणुबाँबचं राजकारण यांत अंतर उरलं नाही, ते असं.

दुसरं उदाहरण मला जास्त छळतं. त्याच वर्षी १ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावानं ठार मारलं. भिक्षा मागायला आलेली माणसं होती ती. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, अशा अफवा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल, अशी मर्यादा घातली. आमच्या धंद्यात असा बदल म्हणजे फार मोठं काम नसतं. तो आधी का सुचू नये?

कारण कुणी शिकवलंच नाही. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत गणित होतं, सर्किट होतं, प्रोग्रामिंग होतं. आपण लिहिलेलं घाबरलेल्या गावात काय करेल, हा पेपर नव्हता. आता सायबर सुरक्षेचे कोर्स निघालेत, चांगलंच आहे; पण त्यांत बहुतेक कुलूप कसं लावायचं एवढंच असतं. जमाव कसा तयार होतो आणि कसा थांबतो, हे शांततेचं शिक्षण वेगळं, आणि तेही इंजिनिअरला हवं.

आणि ते काही आपल्यासाठी परकं नाही. आपल्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात, पवनारला राहिलेल्या विनोबांनी १९५७ साली शांतिसेना सुरू केली. पाच हजार लोकवस्तीमागे एक शांतिसैनिक, अशी त्यांची कल्पना. तो दंगल झाल्यावर धावणारा नव्हे. आधीपासून घरोघरी ओळख असलेला. अफवा आली की लोक ज्याला विचारतील, असा माणूस.

मारेगावात असा माणूस बहुतेक वेळा शिक्षकच असतो. म्हणून सर, मागणी तुमच्याकडेच आहे. नववीच्या वर्गाला महिन्यातून एक तास द्या. मोबाइलवर आलेला जुना फोटो कसा ओळखायचा, ओटीपी का सांगायचा नाही, वाटसरूबद्दल संशय आला तर आधी कुणाला फोन करायचा, एवढंच घेऊ. पहिले चार तास मी ऑनलाइन घेते, दिवाळीनंतरचा समोर येऊन. बॅचमधले पोलिसात आणि बँकेत असलेले कोण कोण आहेत, त्यांनी जेवणाच्या वेळी मला नावं द्या.