पलंगाखालची दिल्ली



२०३०च्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धा अहमदाबादला होणार, ही बातमी ऐकली आणि मला सगळ्यांत आधी आठवला आमचा प्रेसवाला. दिल्लीत इस्त्रीवाल्याला प्रेसवाला म्हणतात. ह्यांची तिकडे बदली झाली होती आणि लोदी कॉलनीत आम्हाला सरकारी क्वार्टर मिळालं होतं. तिथून जवाहरलाल नेहरू स्टेडियम जवळच. २०१०च्या स्पर्धांचं उद्घाटन ३ ऑक्टोबरला तिथेच व्हायचं, म्हणून वर्षभर आधीपासून आमच्या भागात नुसती खोदाखोद.

खोदकामाचं मला फारसं काही वाटायचं नाही. मी पुण्याची, उकरलेला रस्ता दिसला की माहेरी आल्यासारखंच वाटतं. पण फुटपाथच्या धडधाकट फरश्या उखडून तिथे नव्या बसवायच्या आणि पंधरवड्यात केबलसाठी त्याही उखडायच्या, हे काही डोक्यात शिरेना. कॅनॉट प्लेसला त्या गोल व्हरांड्यांना परांच्या बांधलेल्या, दुकानांपुढे चर. गिऱ्हाइकं फळीवरून तोल सावरत आत जायची. स्पर्धा येऊन गेली तरी तिथलं काम चालूच होतं!

त्यात पाऊसही हट्टाला पेटलेला. सप्टेंबरात यमुना २०७ मीटरच्या वर चढली. खणून ठेवलेल्या खड्ड्यांत पाणी, पाण्यात डास आणि शहरभर डेंगी. २१ सप्टेंबरला स्टेडियमजवळचा बांधकाम चालू असलेला पादचारी पूल कोसळला आणि २७ जण जखमी झाले, बहुतेक मजूरच. मग लष्कराने येऊन काही दिवसांत तिथे बेली पूल उभा केला.

पाहुणे यायचे म्हटलं की आपण काय करतो? पसारा पलंगाखाली सरकवतो आणि वरून चादर जरा लोंबती सोडतो. दिल्लीने तेच केलं, फक्त त्या पसाऱ्यात माणसं होती. झोपडपट्ट्यांपुढे उंच फलक लागले. फलकांवर शेरा, म्हणजे स्पर्धेचा तो गुबगुबीत वाघ, हात उंचावून हसणारा. भिकाऱ्यांना उचललं, फेरीवाल्यांना हटवलं. दिल्ली विद्यापीठाची वसतिगृहं पाहुण्यांसाठी नटवायला घेतली आणि मुलांना भर सत्रात भाड्याच्या खोल्या शोधत हिंडावं लागलं. खेळांच्या गाड्यांसाठी रस्त्यात वेगळी मार्गिका आखली. तिच्यात कुणी शिरलं तर २ हजार रुपये दंड. ती बरीचशी रिकामी, आणि शेजारी आमची बस कासवाच्या चालीने.

काहीच मिळालं नाही असं म्हटलं तर खोटं ठरेल. केंद्रीय सचिवालयाहून सरिता विहारकडे जाणारी मेट्रो उद्घाटनाच्याच दिवशी सुरू झाली, ती पुढे आम्ही रोज वापरली. शहराने खाल्लेल्या धुळीतून काहीतरी उरतंच म्हणा; १९८२च्या दिल्लीतल्या एशियाडचं नाव आपल्या एसटीच्या निमआराम गाडीला चिकटलं ते अजून निघालेलं नाही. आणि नाशिककडची कविता राऊत १० हजार मीटरमध्ये कांस्यपदक घेऊन धापा टाकत उभी राहिली, तेव्हा टीव्हीपुढे मी रडले. स्टेडियम इतकं जवळ, पण पाहिलं ते टीव्हीवरच.

तर आमचा प्रेसवाला. कडुनिंबाखाली त्याचं लाकडी टेबल, त्यावर चौपदरी घोंगडी आणि कोळशाची जड इस्त्री. सप्टेंबरच्या शेवटी एका संध्याकाळी तो गाठोडं घेऊन दारात आला.

"भाभीजी, आधे हो गए, आधे नहीं. बीटवाले ने बोला है, गाँव चले जाओ. खेल के बाद आना."

पोलिसाने सांगितलं म्हणे, झाडाखाली काही दिसता कामा नये. मी विचारलं, गावाला जायला पैसे आहेत का? तो नुसता हसला आणि म्हणाला, "आधे का ही हिसाब कर दो." गाठोड्यात वर कडक घडीचे सहा शर्ट आणि खाली चुरगळलेल्या चादरी, अभ्रे, माझ्या दोन सुती साड्या.

दुसऱ्या दिवशी टेबल नव्हतं. कडुनिंबाभोवती पालिकेच्या माणसांनी फुलांच्या कुंड्या मांडल्या, एकसारख्या, रांगेत. मुलांच्या शाळांना सुट्टी होती, पण ह्यांचं ऑफिस चालू. तीन-चार दिवस चुरगळलेले शर्ट घालून झाल्यावर हे लाजपतनगरहून विजेची इस्त्री घेऊन आले. चादरी, अभ्रे, साड्या, सगळं मी घरीच उरकलं.

१४ ऑक्टोबरला समारोप झाला. कुंड्यांना पाणी घालायला त्यानंतर कुणी फिरकलं नाही. दिवाळी झाल्यावर एक दिवस खिडकीतून पाहते तर कडुनिंबाखाली टेबल! वाळक्या कुंड्या एका बाजूला सारलेल्या, त्यांतल्याच एकीत कोळशाची राख. थोड्या वेळाने बेल वाजली.

"भाभीजी," तो दारातूनच म्हणाला, "वो आधे कपड़े?"

मी म्हटलं, थांब हं, आणते. आत गेले आणि आधी ती विजेची इस्त्री पलंगाखाली सरकवली.