जमाव आणि पोलीस

ता. ४ फेब्रुवारी १९२२ रोजीं चौरीचौरा येथील ठाण्यापुढें निदर्शक व पोलीस यांची चकमक उडाली. पोलिसांनीं गोळ्या झाडल्या. कांहीं माणसें पडलीं. दारूगोळा संपतांच क्षुब्ध जमावानें ठाणें पेटविलें आणि २० हून अधिक पोलीस प्राणांस मुकले. गांधीजींनीं असहकारिता थांबविली. सत्र न्यायालयानें १७२ जणांस फांशी सुनावली. उच्च न्यायालयानें ती १९ जणांपुरतीच कायम केली.

श्रोतेहो, न्यायासनानें मागाहून केलेली ही निवड पोलिसांनीं रस्त्यावरच आरंभिली पाहिजे. आधीं स्पष्ट हुकूम, पांगण्यास वेळ व मोकळी वाट, मग बेताचें बळ. बंदूक अगदीं अखेरीस. दगड मारणारा हात आणि घोषणा देणारा कंठ यांतील भेद पुसला, कीं शांत माणूसहि दंगेखोरांकडे लोटला जातो.